आबांच्या गाडीची परदेशी फुप्फुसं

माझ्या सासऱ्यांकडे स्पोर्ट्स कार आहे, असं बारामतीत कुणाला सांगितलं की तो आधी माझ्याकडं बघतो, मग माझ्या मोटरसायकलकडं बघतो आणि हळूच विचारतो, "मग तुमाला काय दिलं?"

मला त्या गाडीचे पार्ट शोधायचं काम दिलं.

सासरे म्हणजे आमचे आबा. वालचंदनगरला मशीनशॉपमध्ये त्यांची उभी नोकरी गेली. तिथला एक अधिकारी गाव सोडून जाताना आपली विलायती गाडी आबांच्या गळ्यात घालून गेला. दोन दारं, दोन सीट, डोक्यावर कापडी टप आणि उंची अशी की आत माणूस बसत नाही, पडतो. बाहेर यायला दुसरा माणूस लागतो. घरात माणसं चार आणि गाडीत जागा दोघांची, यावर सासूबाईंचं एकच म्हणणं असतं : "घेताना ह्यांनी आपली पोरं मोजली न्हाईत."

त्या अधिकाऱ्यानं हौसेनं इंजिनावर रेसिंगचे दोन कार्ब्युरेटर बसवले होते. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं, गाडीची फुप्फुसंच म्हणा. त्यातलं एक कधीतरी तडकलं. सुटा जोडीदार मिळेना, म्हणून आबांनी दोन्ही काढून एका जुन्या जीपचं एकच फुप्फुस बसवलं. तेव्हापासून गाडी धावायची सोडून चालायला लागली. कॉलनीतल्या सायकली तिला घंटी वाजवून पुढं जायच्या.

निवृत्तीनंतर आबांनी जवळच घर बांधलं आणि गाडी पोर्चमध्ये आली. रोज सकाळी चहा झाला की आबा बॉनेट उघडून आत डोकं घालतात, ते जेवायला हाक मारली की बाहेर काढतात. आत काय करतात, देव जाणे. पण नोकरी सुटल्यावर त्यांच्या बरोबरीची माणसं पारावर बसून एकमेकांची रक्तातली साखर मोजायला लागली, आणि आबा अजून कामावर जातात, ते या पोर्चमुळं. हे घरात सगळ्यांना कळतं. माझ्या मेहुण्यालाही कळत असावं, पण तो पुण्यात राहतो.

गौरी जेवायच्या दिवशी तो पुण्याहून गिऱ्हाईक ठरवूनच आला. पुरणपोळीवर तूप वाढून झालं आणि त्यानं विषय काढला. "आबा, माणूस चांगला आहे, हौशी आहे. गाडी त्याच्याकडं नीट राहील. इथं काय, नुसती उभी."

"उभी न्हाय," आबा म्हणाले. "दुरुस्तीला हाय."

"मी शाळेत होतो तेव्हापासून दुरुस्तीला आहे."

सासूबाई लेकाच्या बाजूनं होत्या. त्यांना पोर्च हवा होता, वाळवणाला. आबा बराच वेळ पोळी चिवडत बसले. मग म्हणाले, "दसऱ्यापतुर थांब. दसऱ्याला मी सोता चालवत लासुर्ण्याच्या चौकापतुर नेली, तर गाडी ऱ्हाईल. न्हाय नेली, तर तुझ्या माणसाला म्हणावं घेऊन जा."

"त्या जीपच्या कार्ब्युरेटरवर?"

इथं मी तोंड उघडलं. सासुरवाडीत जावयानं जेवताना फक्त 'पुरे' म्हणायला तोंड उघडावं. मी म्हणालो, "जुन्यासारखेच दोन कार्ब्युरेटर मी आणतो. इंटरनेटवर सगळं मिळतं."

बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की नको असताना मी आणखी एक पोळी वाढून घेतली.

माझा धंदा ठिबक सिंचनाचा. बारामतीत दुकान आहे. पाइप, ड्रीपर, व्हॉल्व्ह, फिल्टर विकतो. गाड्यांमधलं मला एवढंच कळतं की पेट्रोल कुठून ओततात. पण माहिती नसलेल्या विषयात उत्साह टिकून राहतो. मी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरलो. तिथली मंडळी मोठ्या शहरांतली, रविवारी सकाळी गाडीला फडकं मारून फोटो टाकणारी. मी माझी अडचण लिहिली. पहिलं उत्तर आलं, "बारामतीत स्पोर्ट्स कार? ऊस वाहायला का?" त्याखाली हसून रडणारे पिवळे चेहरे. दुसऱ्यानं विचारलं, "ओरिजिनल हवेत की रेप्लिका?" मी ऐटीत 'ओरिजिनल' म्हणालो. तेव्हा त्यानं समजावलं की ओरिजिनल असणारा माणूस ते विकत नाही, तो ते मृत्युपत्रात लिहितो.

म्हणजे रेप्लिका. परदेशातला एक दुकानदार हुबेहूब जुन्या साच्याचे नवे कार्ब्युरेटर बनवून विकत होता. मी आबांना फोन केला.

"रेप्लिका म्हंजी?"

"जुन्यासारखेच, पण आत्ता बनवलेले."

"म्हंजी डुप्लिकेट."

"डुप्लिकेट नाही आबा, रेप्लिका."

"ट्रॅक्टरला डुप्लिकेट फिल्टर मिळतो, त्यात आन् ह्यात फरक काय?"

मी विचार केला. "हे डुप्लिकेट आहे असं आधी सांगून विकतात."

"मग मानूस सरळ दिसतोय," आबा म्हणाले. "मागवा."

हवा आत घ्यायची सोय झाली. धूर बाहेर सोडायचीही हवी होती. चार नळ्या इंजिनातून निघून एकीत मिळतात, असा रेसिंगचा सायलेन्सर. तो परदेशातून आणायचा तर डबा माझ्या घराएवढा झाला असता. म्हणून एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्या तात्यांना गाठलं. ट्रॅक्टर आणि हार्वेस्टरच्या सायलेन्सरमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी एकदा बघितला, फोन परत दिला आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा चांगला करून देतो."

"तात्या, चांगला नको. असाच द्या."

"तुमी काळजीच सोडा."

मी काळजी सोडली. ठरल्या दिवशी गेलो तर चार नळ्या सुबक वळवून एकत्र आणलेल्या, वेल्डिंग रेशमासारखं. फक्त शेवटचं तोंड सरळ आभाळाकडं.

"हे वर का?"

"खाली ठेवलं तर पाचट पेटतं. उसात फिरवायची ना?"

"तात्या, ही स्पोर्ट्स कार आहे. उसात कशाला जाईल?"

"जावई हाय व्हय तुमी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते दयेनं हसले. "मग तुमाला कोन इचारतंय गाडी कुठं न्यायची ते." तोंड खाली वळवून घ्यायला मला आणखी बऱ्याच चकरा पडल्या. मध्यंतरी त्यांनी ते तोंड एकदा उजवीकडंही करून बघितलं, नुसतं कसं दिसतं म्हणून.

कार्ब्युरेटरचं पार्सल दुकानावर आलं. मी ते काउंटरवर उघडलं आणि दुकान उजळून निघालं. पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम, आणि दोघांनाही पुढं सनईच्या तोंडासारखे चकचकीत कर्णे. तेवढ्यात पणदऱ्याचं एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. त्यानं एक कर्णा उचलून आरपार बघितलं.

"नवीन व्हेंचुरी आली वाटतं. खत किती ओढती?"

व्हेंचुरी म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणारी नळी. मी म्हणालो, "खत नाही, पेट्रोल ओढते."

"पेट्रोल घालून ऊस न्हाय यायचा," तो म्हणाला आणि निराश होऊन साधी व्हेंचुरी घेऊन गेला.

डब्यात खाली आणखी दोन वस्तू होत्या : कर्ण्यांवर बसवायचे जाळीचे काळे फिल्टर. बसवून बघितले तर कर्णे पार झाकले गेले. एवढी चकाकी सातासमुद्रापलीकडून आणायची ती झाकायला? मी फिल्टर डब्यातच ठेवले. वालचंदनगरला जोडणी चालली होती तेव्हा आबांनी विचारलंही, "ह्याला जाळी न्हाय का?"

"रेसिंगला जाळी नसते, आबा."

गेली कित्येक वर्षं मी शेतकऱ्याला बजावतो आहे की फिल्टर बसवल्याशिवाय पाणी सोडू नका, कचरा अडकला की लाइन गेली. पण ते शेतकऱ्याला. जावयाला कोण बजावणार? आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी केलेली ही एकमेव तांत्रिक चूक.

दसऱ्याच्या सकाळी सगळे अंगणात जमलो. गाडी धुतलेली, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. मेहुणा हाताची घडी घालून उभा, खिशात फोन. त्याच्या गिऱ्हाइकाला दुपारपर्यंत कळवायचं होतं. आबांनी ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता. ते नुसता पाना पुसत होते, आणि तो पाना केव्हाच पुसून झाला होता.

सासूबाई ताट घेऊन आल्या. गाडी विकायची असली तरी दसऱ्याला तिला बिनपूजेची ठेवणाऱ्यातल्या त्या नव्हेत. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फुटला. मग म्हणाल्या, "नवीन वस्तू आनली ती कुठाय? तिला नको का हळदकुंकू?"

मी धावत जाऊन बॉनेट उघडलं. दोन कर्णे उन्हात झळकले. सासूबाईंनी दोघांना हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि मूठभर अक्षता, अगदी मनापासून, दोन्ही कर्ण्यांच्या तोंडात सोडल्या. वर चिमूटभर कुंकू. मीही नमस्कार केला. एवढंच नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकला.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. आणि आवाज! तो आबांनी आमच्या लग्नाआधीपासून ऐकला नव्हता. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली, मेहुण्याची घडी सुटली. आबा मला म्हणाले, "बसा."

मी आत पडलो.

गावातून निघेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मोकळा रस्ता लागला तसा आबांनी एकदा अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, गाडी झेपावली, आणि त्यांनी पाय उचलला. गाडीनं मात्र काही उचललं नाही. ती तशीच सुटली.

"आबा, हळू."

"मी कुठं पळवतोय? तीच पळतिया."

"पाय काढा!"

"काढलाय की! बघा!" आणि खरंच त्यांनी पाय वर करून दाखवला, पॉलिश केलेल्या बुटासकट. उसाचे फड दोन्ही बाजूंनी नुसत्या हिरव्या रेघा झाले होते. मागून मोटरसायकलवर मेहुणा येत होता, तो आरशात आधी लहान झाला आणि मग नाहीसाच झाला. मी दार घट्ट धरून आठवतील तेवढे देव बोलावले. आबांकडं बघितलं तर चेहऱ्यावर भीती औषधालाही नाही. टोपी उडालेली, डोळ्यांत पाणी, ते वाऱ्याचं की कशाचं मी विचारलं नाही. "हिचा पयला आवाज असाच हुता," ते ओरडले. "असाच!"

लासुर्ण्याचा चौक दिसला तशी त्यांनी क्लच दाबून किल्ली बंद केली. गाडी घरंगळत जाऊन चहाच्या टपरीपुढं थांबली. टपरीवाला हातातली किटली तशीच धरून बाहेर आला. "आबा, लगीन कुनाचं हाय?"

मग मात्र ती सुरू होईना. बॉनेट उघडलं. आबांनी चष्मा लावला, कर्ण्यात बघितलं, टपरीवाल्याकडून काडेपेटीतली काडी घेतली आणि आतून अलगद एक दाणा काढला. लालभडक तांदूळ. हवेची झडप उघडली तेव्हा तो फटीत घसरला होता आणि झडप मिटायची राहिली होती. बाकीचं कुंकू पेट्रोलमध्ये कालवून आत लेप झालं होतं.

आबांनी दाणा तळहातावर घेतला. "रेसिंगला जाळी नसती व्हय, पाव्हणं?"

झेंडूचा हार घातलेल्या एका ट्रॅक्टरनं आम्हाला दोर बांधून घरी आणलं. रस्त्यात ज्यानं त्यानं हात केला. आबा प्रत्येकाला रुबाबात उलट हात करत होते, जणू ट्रॅक्टर त्यांनीच पुढं लावला होता.

अर्ध्या वाटेतूनच परत फिरलेला मेहुणा दारात फोन हातात घेऊन उभाच होता. "झालं आबा? आली ना दोरानं? मी त्यांना हो कळवतो."

"का?" आबा गाडीतच बसून म्हणाले. तसंही आधाराशिवाय त्यांना निघता येत नव्हतं. "मी सोता चालवत लासुर्ण्याच्या चौकापतुर न्यायची, आसं ठरलं हुतं. नेली. टपरीवाल्याला इचार."

"अहो, पण परत?"

"परतीचं कोन बोललं हुतं? दाखव."

"दाजी, तुम्ही सांगा. तुम्ही होता ना जेवायला?"

जेवायला मी होतो, आणि तेव्हा एकदा तोंड उघडून झालं होतं. मी सासूबाईंकडं बघितलं. निकाल आता त्यांच्याच हातात होता, आणि त्यांच्याच हातात आबांनी गाडीतूनच हात बाहेर काढून तो तांदळाचा दाणा ठेवला. त्यांनी तो बघितला. बॉनेटकडं बघितलं. पुन्हा दाण्याकडं बघितलं. पोर्चकडं एकदा, शेवटचं, वाळवणाच्या नजरेनं बघितलं.

"नको कळवूस," त्या लेकाला म्हणाल्या.

"आई, तूच म्हणत होतीस ना, विका म्हणून?"

"म्हनत हुते. पन ती माझ्या अक्षतांनी आडली. सनाच्या दिवशी आपल्याच हातानं आडवायची आन् आडली म्हनून घराबाहेर काढायची, हे मला न्हाय जमायचं." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ह्यांनी तोंडं झाकून आनली असती तर कशाला पडल्या असत्या आत?"

मेहुण्यानं पुण्याला फोन लावला. गाडी द्यायची नाही म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारणा झाली. त्यानं बापाकडं बघितलं आणि म्हणाला, "नाही, चालते. तोच तर घोटाळा झालाय."

आबांनी तोवर शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. आम्ही दोघांनी त्यांना गाडीतून उपसून बाहेर काढलं. ते सरळ बॉनेटपाशी गेले. सासूबाईंनी आतून सोनं वाटायला हाक मारली, तर बॉनेटच्या आतूनच उत्तर आलं, "कामावर हाय."