फलाटावरची पाटी

लोणंद स्टेशनात एक कापडव्यापारी मला नेहमी भेटत. ‘रूळ ओलांडू नये’ ही पाटी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत. लोक हसत, मीही हसे.

लढाईच्या दिवसांत समोरच्या गाडीतून एक फौजी हात हलवत होता. त्याची म्हातारी आई भाकरीचं गाठोडं घेऊन रुळांत उतरली, आणि तेवढ्यात सुटं इंजिन आलं. कापडव्यापाऱ्यांनी तिला मागं ओढलं.

“सोड रं, गाडी सुटंल!” ती त्यांना मारत सुटली. इंजिन धडधडत गेलं.

गाठोडं घेऊन ते पुलावरून धावले. म्हातारी पोचली तेव्हा गाडी गेलेली. ती मटकन खाली बसली.

“आजी, दिली बगा भाकरी. लगीच तुकडा मोडला त्यानं.”

“लय भुकेजतो माजा ल्योक,” ती डोळे पुसत म्हणाली.

त्यांची गाडी आली आणि गेली. ते तिच्याजवळ बसूनच होते.