ह्यांची चुलीपुढची इंग्रजी

मुरबाडच्या ज्या कारखान्यात आमचे हे कामाला होते, त्याला टाळं लागलं तेव्हा ह्यांची पंचेचाळिशी उलटली होती. पुढे मिळेल ते काम केलं. मग वैशाखरे गावाच्या पुढे, घाटाच्या रस्त्याला नवं रिसॉर्ट झालं. तिथे गेटवर पाहुण्यांशी इंग्रजी बोलणारा माणूस हवा, असं कळलं. हे म्हणाले, "तू शिकव."

मी शहापूरची, बारावी झालेली, घरी पोरांच्या शिकवण्या घ्यायची. पण नवऱ्याला शिकवणं म्हणजे डोक्याला ताप! सकाळी मी भाकऱ्या थापायची आणि हे पाटावर बसून वाक्यं म्हणायचे. 'आय वॉन्ट टू वर्क' जमलं. लगेच पुढचं, 'आय एन्जॉय टू वर्क'.

"एन्जॉय वर्किंग! किती वेळा सांगू?"

"आपल्यात करायला आवडतं, करायला सांगितलं, करायला विसरलो. एका 'करायला'त भागतं. त्यांना दोन कशाला गो?"

"ते त्यांनाच जाऊन विचारा. माझी भाकरी करपली."

कारण मला तरी कुठे ठाऊक होतं! वॉन्ट, होप, डिसाइडला टू. एन्जॉय, फिनिश, अवॉइडला आयएनजी. पाठ करा नि मोकळे व्हा, म्हटलं. त्यांनी केलंही. गवत कापताना, सायकलवर, तोंडात तेच. शेजारीण हसायची, "भावोजी मंत्र म्हणतात काय गो?" तिचा राग यायचा, आणि ह्यांचं कौतुकही वाटायचं. ही नोकरी लागली की माणूस पुन्हा मान वर करून चालेल, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दुपारीच परत आले.

"काय काय विचारलं?"

"कायच नाय. साहेब आपल्या पोराच्या वयाचा. मी 'गुड मॉर्निंग सर' केलं, तर हिंदीत बोलला, काका, उमर जादा है, घर पे आराम करो."

मी त्या साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेल्या, एक प्रश्न तरी विचारायचास! हे भिंतीला टेकून बसलेले, शर्टसुद्धा काढला नव्हता. मग हळूच म्हणाले, "तू तरी विचार ना. मला सगळं येतंय."

मी विचारत गेले, हे सांगत गेले. एकही चुकलं नाही. सांगता सांगताच त्यांना हुंदका आला, आणि मला पुढचं विचारवेना.