कथेची गरज

कांतामावशी सिनेमा सलग बघूच द्यायच्या नाहीत. रिमोट त्यांच्या हातात. मध्येच चित्र थांबवून विचारायच्या, "ही बाई आल्यापासून नुसता चहाच देतीय. हिला दुसरं काय काम नाय का रं?" दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेली बाई, माझ्या आईची तिथलीच मैत्रीण. एकाच शहरात आम्ही गारखेड्यात, त्या मुकुंदवाडीत.

मी छोटी फिल्म करतोय म्हटल्यावर त्यांनी शूटिंगसाठी घराची किल्लीच हातात ठेवली. "मी दोन दिवस फर्दापूरला बहिणीकडं चाललेय. झाडांना तेवढं पाणी घाल." गोष्ट मावशींच्यासारख्याच एका बौद्ध कुटुंबाची आणि लिहिणारा मी, मराठा घरातला. तेव्हा मला त्यात काही अडचण वाटली नव्हती.

महोत्सवाचा एक फॉर्म होता. फिल्ममध्ये जो समाज दाखवलाय, त्यातल्याच कुणीतरी ती बघून चित्रण कितपत खरं वाटतं याचे पाचपैकी गुण द्यायचे आणि सही करायची. फिल्म पुरी झाली त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती. मावशी पाच देणार याची मला खात्री होती. पाच वाजता लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याकडे पोचलो.

चौथ्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. "थांबव. हे कुणाचं घर हाय?"

"तुमचंच की, मावशी."

"माझं? मग माझी पुस्तकं कुठं गेली? फ्रिज कुठाय? स्टीलच्या भांड्यांच्या जागी ही पोचे पडलेली जर्मनची कुठून आणली? आन् एवढा अंधार?"

मी म्हणालो, कथेची गरज होती. ट्यूबलाइट आम्हीच बंद ठेवली होती, ॲल्युमिनियमची जुनी भांडी मांडली होती, भिंतीवर मळकं कापड टांगलं होतं. नंतर सगळं होतं तसं लावून ठेवलं, असंही वर ऐकवलं. काय मूर्ख माणूस मी!

मावशींचा आवाज चढला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली. "मी शिकले, नोकरी केली, पोरं शिकवली. ते सगळं तू उचलून आतल्या खोलीत ठिवलं व्हय?"

साडेपाच झाले होते. मला रागच आला. "लोकांना दुःख दिसायला नको का?"

"दुःख लई हाय रं बाबा. पर ते ट्यूब लावून बी दिसतं."

त्यांनी फॉर्म ओढला, शून्य लिहिलं आणि खाली नीट सही केली. वर म्हणाल्या, "चहा घेऊन जा."

मी चहा घेतला नाही. रिक्षात बसून तो फॉर्म फाडला. फिल्ममध्ये काम केलेल्या एका बौद्ध मित्राला गाठलं, नव्या फॉर्मवर पाच गुण आणि त्याची सही घेतली. बिचाऱ्यानं फिल्म पाहिलीही नव्हती.

त्याच हिवाळ्यात मावशी हार्ट अटॅकनं गेल्या. तोवर मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो नव्हतो. आई आठ दिवस रडत होती आणि तिला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पुढं फिल्म आपल्याच शहरात दाखवली. टाळ्या पडल्या. एका गृहस्थांनी उठून विचारलं, "घर काय अस्सल आहे हो! कुणाचं?"

माइक माझ्या हातात होता. "सेट आहे," मी म्हणालो, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.