नत्थूजीच्या मोटारीचे डोळे

नंदनवनात पान्याच्या टाकीमागं जी गल्ली आहे, तिथं नत्थूजी राह्यतात. मूळचे पारशिवनीकडचे. घरी वावर होतं, बैल होते, पन यायले लहानपनापासून नाद इंजिनाचा. बावीस वर्साचे असताना नागपूरले आले अन् यमुताई डॉक्टरीनबाईच्या गाडीवर डायवर म्हनून बसले, ते अठ्ठावीस वर्स उतरलेच नाही.

यमुताई बाळंतपनाच्या डॉक्टर. गाडी पांढरी, गोल डोळ्याची. रोज सकाळी नत्थूजी लाइटच्या काचेजवळ तोंड न्यायचे, हाऽ करून वाफ सोडायचे अन् फडक्यानं पुसायचे. आधी काच, मंग चहा.

एकदा ताईले घेऊन एका खेड्यात गेले. पोहचेपर्यंत दिवस बुडाला अन् गावातली लाईन गेली. बाई अडलेली, घरात एक रॉकेलची चिमनी मिनमिन करून राहिली. ताई म्हने, "नत्थूजी, मला काही दिसत नाही हो." नत्थूजीनं काय केलं, गाडी सरळ आंगनात घातली, तोंड दाराकडं केलं अन् दोन्ही लाइट घरात सोडले. बॅटरी बसू नये म्हनून इंजिन चालू ठेवून आपन पाठ करून उभे राह्यले. त्या उजेडात लेकरू जगात आलं. त्याचं रडनं कानावर आलं अन् नत्थूजीच्या आंगावर काटाच आला. अजूनही सांगताना येते.

मंग गाडी भंगारात गेली. ताईचे गुडघे गेले. नत्थूजी घरी बसले. अन् यंदा मे महिन्यात कळलं, का ताईचा पोरगा सुमंत आईले कायमचा बंगळूरले घेऊन चालला. ताईले आता काय द्याव? साडीचोळी ताईले कमी नाही. नत्थूजीले वाटलं, गाडीच द्याव. तीच गाडी.

वैभवीनं, त्याईच्या नातीनं, मोबाइलवरून जोडून बनवाच्या लहानशा मोटारीचा एक डबा मागवला. आत प्लास्टिकचे तुकडे. हुबेहूब ताईची गाडी नाही, पन तिची सख्खी बहीन म्हनता येईल अशी. नत्थूजीच्या बायकोनं, कौशल्यानं, डब्यात पाह्यलं.

"हे तं कंगव्याचे दात आहेत जी. मोटार कुठं आहे?"

"मोटार यातूनच निघते वं. तू पाह्यत राह."

तीन हप्ते नत्थूजी मांडी घालून बसले. नेलकटरनं तुकडे कापले, घासले, चिकटवले, पांढरा रंग मारला. दाराच्या मुठी जिऱ्याएवढ्या, त्याही बसवल्या. लाइटच्या वाट्या आतून चांदीनं रंगवल्या. राह्यल्या काय, तं त्या वाट्यांवर बसवाच्या दोन काचा. तुरीच्या डाळीएवढ्या, अन् पान्यासारख्या.

शनिवारी दुपारी काचा लावाले घेतल्या. ऊन असं का चिमनी झाडावरून हालेना. कूलर भनभन समोर चालू. नत्थूजीनं फटकन चिकटनाऱ्या ट्यूबचा थेंब सोडला, काच बसवली. झकास बसली. अन् मंग हातानं नाही, सवयीनं घात केला. तोंड जवळ नेलं, हाऽ केलं, पुसलं.

थोड्या वेळात काचेवर साय धरल्यासारखं झालं. पुसलं तं जाईना. धुरकट आतून होतं. नत्थूजीचं तोंड उतरलं. डब्यात काचा दोनच. दुसरा डबा याले आठ दिवस, अन् ताईची रेलगाडी उद्या संध्याकाळी.

"जेवनार नाही काय जी?"

"गाडीले मोतीबिंदू झाला वं."

कौशल्या जवळ आली. पाह्यलं. "फूक मारली काय तुम्ही?"

"फूक नाही, वाफ."

"अन् वरून कूलरची ओली हवा. माह्या भाचीच्या लग्नात रुखवताच्या मोराले मी याच ट्यूबनं आरशाचे बारके शिशे लावले होते, असेच धुरकटले. व्याहीन म्हने, मोराले सर्दी झाली काय. तवापासून मी त्या ट्यूबले हात नाही लावत."

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं काय? तीन हप्ते झाले, या घरात मिस्त्री तुम्हीच."

नत्थूजीनं ट्यूब बाजूले सरकवली. मंग हळूच म्हने, "आता विचारून राहिलो."

रविवारी सकाळी कौशल्यानं पयले कूलर बंद केला. घामाच्या धारा. नत्थूजीनं सुईच्या टोकानं काच अलगद उकरून काढली. जुन्या धोतराच्या चिंधीवर टूथपेस्ट घेऊन घासत बसले, घासत बसले. साय गेली, काच निघाली. पन तेवढी काच बोटात धरून बसवाव कशी? बोटाचा ठसा उमटला तं पुन्हा घासाव लागन.

कौशल्या अजूनही मेनावर कुंकू लावते, जुन्या बायकांसारखं. तिनं आपल्या डबीतलं मेन घेतलं, आगपेटीच्या काडीच्या टोकाले लावलं अन् काचेले टेकवलं. काच टुपकन काडीले लागून वर आली. नत्थूजीनं वाटीच्या काठानं सुईनं फेविकॉल फिरवला, कौशल्यानं काच ठेवली, काडी जराशी फिरवून सोडवली.

"हे तं अजूनच पांढरं झालं वं. सारा दूधभात झाला."

"थांबा जी. बोट नका लावू. अन् वाफ तं बिलकुल नाही."

दोघं बसून राह्यले. खिडकीतून ऊन आत आलेलं. आधी वाटलं काहीच होऊन नाही राहिलं. मंग काठाचं पांढरं कुठं तरी पातळ झालं, जसं दुधात पानी शिरते. मंग तेही पातळ झालं. कोनी पुसून नाही राहिलं, कोनी हात नाही लावून राहिलं, अन् पांढरं आपल्या आपन जाऊन राहिलं. सरकत सरकत एका कोपऱ्यात रेघेएवढं उरलं, अन् पापनी लवते तितक्यात तेही नाही. आतली चांदी झळकली. खिडकीतला सूर्य त्या डाळीएवढ्या काचेत येऊन बसला, अख्खा.

नत्थूजीनं इंजिनं खोलली, जोडली, बर्फासारख्या थंडीत पेंचच्या जंगलातून गाडी काढली. पन असं काही त्याईनं पाह्यलं नव्हतं. अन् कौशल्यानं तं आजवर पन्नास रुखवतं केली असतील, तिनंही कधी बसून पाह्यलं नव्हतं, का दुधाचं पानी होते ते कसं होते. ती पदर तोंडाशी धरून बसली.  बोललं तं काचेतला सूर्य निघून जाईन असं वाटत होतं.

मंग त्याईनं दुसरी काचही तशीच बसवली.

चार वाजता नत्थूजी ताईकडं गेले. बॅगा बांधलेल्या. सुमंत म्हने, "नत्थूजी, फार सुंदर केलीय, पण सामान आधीच जास्त आहे हो. मी नंतर कुरिअरनं मागवून घेतो."

 यमुताईनं गाडी हातात घेतली अन् तिचं तोंड आपल्याकडं केलं. त्या दोन काचा पाह्यत राह्यल्या, कितीतरी वेळ.

"ताई, काचेले हात नका लावू," नत्थूजी म्हने. "अजून ओली असन."

"नाही लावत," म्हनून डॉक्टरीनबाईनं बोट मागं घेतलं. मंग आपली मोठी पर्स उघडली, त्यातला गोळ्यांचा डबा, शाल, पान्याची बाटली काढून एकेक सुमंतच्या हातात दिलं, अन् रिकाम्या पर्समधी गाडी ठेवली, तोंड वर करून.