फडात बसले बाई

परवा जत्रेत कुस्तीच्या फडापाशी गेले आणि सवयीनं लांब, उन्हातच थांबले. आमच्या वेळी बायकांना फडात यायची बंदीच होती. आई माझ्या धाकट्या भावाला रोज बदाम वाटून दूध द्यायची, पण त्याची एकही कुस्ती तिला बघता आली नाही. घरातून फडातली हलगी ऐकायची. हलगी थांबली की दारात येऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "का रे, आमचा जिंकला का?" ताकद तिच्या हातची आणि बघणारे सगळे बाप्ये, आहे की नाही गंमत!

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं हाक मारली, "आज्जी, उन्हात कशाला? या की!" तिनं सरकून जागा केली. बसले बाई. पहिल्याच डावाला अशी ओरडले, की शेजारचे फेटेवाले म्हणाले, "आक्का, पंचांना तरी बोलू द्या!"