चंदगडाच्या अलीकडचं दुबई

जगाचा नकाशा स्वतःच्या मर्जीनं दुमडून खिशात घालणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले हे काका सकाळी फाटकापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठत. कोणी गॅसचं सिलिंडर घेऊन आला तरी, "पावणं, गाव कुठलं?" हाच पहिला प्रश्न. तो चंदगड म्हणाला की काकांचा चेहरा उजळे. "लई लांब राहता की! एसटीत चार तास. आमचा पोरगा दुबईत असतोय. मुंबईतनं विमानात बसलं की तीन तास. तुमच्यापेक्षा जवळ हाय." आपण एवढ्या लांब का राहतो, या विचारात तो बिचारा सिलिंडर उचली. कोणी इथलंच जवळचं कागल म्हणालं तर मात्र काका हवापाण्याकडे वळत. कागलला हरवेल असं विमान अजून निघालेलं नव्हतं.

"काका, पण मुंबई गाठायलाच रात्र जाते. विमानतळावर ताटकळायचं ते वेगळंच," मी एकदा म्हणालो. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "हळू बोल की! ती आत हाय."

ती म्हणजे काकू. मुलगा दुबईला गेला तेव्हा त्यांनी अन्न टाकलं होतं, आणि त्यांच्या तोंडात घास जावा म्हणून काकांनी दुबई ओढून चंदगडाच्या अलीकडं आणलं होतं. काकूंचं माहेर चंदगडचं. "म्हंजे माझं माहेर परदेशात आणि लेक शेजारच्या गल्लीत व्हय?" म्हणून त्या हसायच्या, आणि जेवायच्या.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी काकू चहा गाळता गाळता खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर येऊन गेले. मुलाला फोन मीच लावला. त्याला मिळेल ते विमान धरायचं होतं, पण तिकीट दुपारनंतरचंच मिळालं. त्याच्या आधी चंदगडचे मामा, काकूंचे भाऊ, एसटीनं भिजत येऊन पोचले. त्यांना दारात बघून काका नुसते बघत राहिले.

दिवस कलायला लागला तसे मामा जवळ आले. "दाजी, आता न्यायला पायजे."

"थांबा की जरा. येतोय त्यो. तीनच तास हाय."

थोड्या वेळानं काका आपणच उठले आणि पायात चपला घातल्या.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तो दारात रडायला लागला. "आप्पा, विमानाला तीनच तास लागले हो. बाकीच्यातच सगळा वेळ गेला..."

"असू दे," काका म्हणाले. "दमला असशील. आत ये."

चार दिवसांनी ऊन पडलं. खालच्या गॅलरीत काकूंचं लुगडं वाळत होतं; त्या सकाळी त्यांनीच धुऊन घातलेलं, पावसात राहून गेलेलं. मी जिन्यात होतो. बापलेकांनी ते दोरीवरून काढलं, दोघांनी दोन टोकं धरली. पण घडी काही जमेना. कधी काठ सुटे, कधी मधला भाग जमिनीला टेके. माझी बायको मदतीला निघाली होती, तिला मी हातानंच थांबवलं. दोघांनी ते पुन्हा झटकलं आणि काठाला काठ लावायला हळूहळू एकमेकांजवळ आले.