सासऱ्यांनी मारलेली रेघ

माझ्या सासऱ्यांइतका सावध माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि सावधपणापायी घरादाराला इतकं जेरीस आणणाराही नसेल. गोरेगावात घराच्या ओसरीला लागूनच त्यांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची आणि ती गिऱ्हाइकाला मोठ्यांदा ऐकवायची, यात त्यांचा जन्म गेला. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात गरीब. सासऱ्यांनी माणसंही याच क्रमानं लावून ठेवली होती. तलाठी लाल, सासूबाई पिवळ्या (“सकाळच्या टायमाला लाल,” ही पुस्ती हळू आवाजात), आणि मी हिरवा. लग्न ठरताना माझ्या वडिलांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, “पोरगं हिरव्या त्रिकोणाचं हाय, आमच्या पोरीला तकलीफ न्हाई.” हे मी बरीच वर्षं कौतुक समजत होतो.

तर अशा माणसाच्या मानेला गाठ आली. नांदेडच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. आधी सलाईनमधून औषधं झाली, मग जिथं गाठ होती तेवढ्याच जागी किरणोपचार द्यायचं ठरलं. आमच्याकडे याला ‘लाईट देणं’ म्हणतात, आणि या लाइटीचे गावात किती तज्ज्ञ आहेत ते तेव्हा कळलं. ज्यानं घरचा फ्यूज कधी बदलला नाही तो सांगू लागला की आतलं सगळं जळून जातं. एक भाऊबंद सेनगावहून मुद्दाम जीपनं आला, दोन कप चहा प्याला, “मशीनच्या नादी लागू नका,” म्हणाला आणि जाताना सासऱ्यांना स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे दाखवून गेला.

डॉक्टरीणबाईंसमोर बसल्यावर सासऱ्यांचा पहिला प्रश्न, “मॅडम, तुमचं मशीन कोन्त्या त्रिकोणाचं?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी घाईघाईनं उलगडा केला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, जपूनच वापरायची गोष्ट आहे. घसा दुखेल, तोंड कोरडं पडेल, थकवा येईल, पुढं थायरॉईड तपासत राहावं लागेल. पण नेम गाठीच्या जागेवरच धरतो. आजूबाजूला कमीत कमी जावं म्हणून आधी सगळं मापून घेतो.” सासरे एकदम खुलले. “व्हय की! कपाशीत तणाचं औषध मारताना नोझलला हूड लावतात, तसं. तणावर पडलं पाहिजे, कपाशीला थेंब लागू न्हाई. बराबर?”

“बराबर,” बाई म्हणाल्या.

झालं! मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवत, तर त्याखाली सासरे असे निपचित पडत की तिसऱ्या दिवशी मशीनवाल्या पोरीला सांगावं लागलं, “काका, श्वास घेतला तरी चालतो.” तीन आठवडे असे गेले. शेवटच्या दिवशी बाईंनी विचारलं, “काही शंका?” आयुष्यभर शंकाच काढत आलेला हा माणूस मान खाली घालून म्हणाला, “न्हाई.”

घरी पोचल्यावर पिशवीही खाली न ठेवता त्यांनी चुन्याची फक्की घेतली, ओसरीवर आपल्या खाटेपासून दहा पावलं मोजली आणि आडवी रेघ मारली. खाटेच्या पायाला लाल चिंधी बांधली. “फवारणी झाल्यावर रानात जनावर सोडत न्हाईत. एकवीस दिवस कुनी रेघ वलांडायची न्हाई. चिमीनं तर बिलकुल न्हाई.”

चिमी माझी लेक, अडीच वर्षांची. आम्ही गावातच राहतो, त्यामुळे हिचा मुक्काम आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मांडीवर. पहिल्या दिवशी ती रेघेशी उभी राहून हंबरडा फोडत होती आणि सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. “मामा, अंगात काही राहत नाही हो,” मी शंभरदा सांगितलं. “जावईबापू, काई व्हत न्हाई असं मीबी लई गिऱ्हाइकांना सांगितलं. कंपनीच्या मानसानं सांगितलं म्हनून,” ते म्हणाले. एवढा शहाणा मी, चिमीला उचलून अंगणात घेऊन गेलो.

सोळाव्या दिवशी सासूबाई लाल त्रिकोणात गेल्या. “काहून जीव खाऊन राहिले स्वतःचा? लावा त्या बाईला फोन!” मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. सासऱ्यांनी रेघेपलीकडूनच विचारलं, “मॅडम, लेकरू मांडीवर घेतलं तर... तिला काई?”

“काका, मशीन बंद झालं की किरण संपले. तुमच्या अंगात काहीच उरत नाही. पहिल्या दिवशीच घ्यायचं की!”

“मग इचारलं काहून न्हाई?” सासूबाई कडाडल्या. सासऱ्यांनी खाटेच्या पायाची चिंधी चाचपली. “घेऊच नका म्हनल्या असत्या तर?” एवढंच बोलले.

त्यांनी चिंधी सोडली आणि हात पसरले. “ये गं माय.” चिमी धावत आली आणि रेघेपाशी थबकली. बोट नाचवत म्हणाली, “न्हाई. वलांडायची न्हाई.” सोळा दिवसांत पोरगी नियम पाठ करून बसली होती, तोही आबांच्याच आवाजात. तेव्हा सासरे उठले, दहा पावलं चालत आले आणि रेघेवरच फतकल मारून बसले.

आता गाठ नाही. तपासणीला नेमानं जातो. चुना कधीच धुऊन गेला. पण चिमी अजून ओसरीवर पळत येते ती त्याच जागी थांबते, आबांकडे बघते. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी सासरे अर्धा डबा वाचायचा सोडतात आणि आधी तिला म्हणतात, “ये.”